पावसाचं पाणी जिथल्या तिथे: पाऊसबाग, चर आणि झिरपणारी फरशी कशी करावी

एका पार्किंगच्या कडेला आम्ही पाऊसबाग केली होती, म्हणजे आसपासचं पावसाचं पाणी आत घेऊन मुरवणारी खोलगट बाग. खड्डा मापात, माती चाळून मिसळलेली, रोपं निवडून आणलेली. पहिला दणदणीत पाऊस आला तेव्हा छत्री घेऊन मी मुद्दाम बघायला गेलो. पार्किंगचं सगळं पाणी कर्बला (कडेच्या उंच काठाला) घासून धावत होतं आणि बागेच्या तोंडासमोरून सरळ पुढे जाऊन गटारात पडत होतं. बाग ओली होती ती फक्त स्वतःच्या अंगावर पडलेल्या पावसाने. कर्बमध्ये कापलेल्या खाचेचा तळ डांबराहून दोन सेंटिमीटर वर राहिला होता. गवंड्याने खाच अगदी सुबक केली होती, कडा घोटून गोल केलेल्या. फक्त पातळी कुणी तपासली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ग्राइंडरने तळ कापून खाली घेतला आणि पाणी आत वळलं. तेव्हापासून माझा क्रम ठरून गेला आहे: आधी पातळ्या, मग माती, मग सांडवा (भरून उरलेलं पाणी बाहेर सोडणारी वाट), आणि झाडं सगळ्यात शेवटी. लोक बहुतेक वेळा उलटे जातात. रोपं घेऊन येतात आणि मग पाणी कुठून आणायचं ते शोधत बसतात. पुढची कृती याच क्रमाने लिहिली आहे.

हे कशासाठी करायचं

मोकळ्या, झाडोऱ्याने झाकलेल्या जमिनीवर पाऊस पडला की त्यातलं साधारण १० टक्के पाणीच पृष्ठभागावरून वाहून जातं. बाकीचं मुरतं, किंवा पानांवरून, मातीतून वाफ होऊन परत जातं. तीच जमीन तीन-चतुर्थांशाहून जास्त छपरं आणि डांबराखाली गेली की वाहून जाणारा वाटा ५५ टक्क्यांच्या घरात पोचतो. आणि नुसता वाटा वाढत नाही, वेगही वाढतो. आधी जे पाणी सावकाश, तासन्‌तास ओढ्याला मिळत होतं ते आता काही मिनिटांत एकदम गटाराच्या तोंडाशी येतं. येताना टायरची धूळ, तेल, जड धातू, कचरा घेऊन येतं. जिथे सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच पाइपातून जातं तिथे तर थोड्याशा पावसातही पाइप भरतो आणि मैलामिश्रित पाणी थेट नदीत सुटतं.

‘हरित पायाभूत सुविधा’ हे नाव भारदस्त आहे, पण त्यामागे कामं तीनच: पाणी थोपवणं, मुरवणं, गाळणं. पाऊसबाग, गवताळ चर, झिरपणारी फरशी, हिरवं छप्पर, झाडांचे खोल खड्डे ही सगळी त्यासाठीची वेगवेगळी भांडी. शास्त्रशुद्ध पाऊसबाग अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, प्रिन्स जॉर्जेस काउंटीमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आकाराला आली. तिथे एका नव्या वसाहतीत मोठं साठवण तळं खोदण्याऐवजी घरोघरी छोट्या बागा दिल्या गेल्या. आज फिलाडेल्फियापासून सिंगापूरपर्यंत तीच कल्पना निरनिराळ्या मापात दिसते.

पाण्याचा हिशेब

एक सूत्र पाठ असलं की अर्धं काम झालं: १ चौरस मीटरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १ लिटर पाणी.

१२० चौ.मी.चं छप्पर घेऊ. २५ मि.मी. पाऊस झाला तर ३००० लिटर पाणी पडलं. छप्पर थोडं पिऊन घेतं, थोडं उडतं, म्हणून ०.९ ने गुणा: २७०० लिटर. डांबर आणि काँक्रीटलाही ०.९ च्या आसपासच धरा. नेहमीच्या पेव्हर ब्लॉकला ०.७ ते ०.८, वालुकामय जमिनीवरच्या हिरवळीला ०.१ ते ०.२, चिकणमातीवरच्या हिरवळीला ०.३५ पर्यंत.

पन्हळीखाली ठेवलेल्या २०० लिटरच्या पिंपाबद्दल लोकांना फार आशा असते. वरच्याच छपराखाली ते पिंप दोन मि.मी. पाऊस व्हायच्या आत भरतं. पिंप वाईट नाही, झाडांना पाणी घालायला कामाचं आहे. पण पुढच्या पावसाआधी ते रिकामं केलेलं नसेल तर थोपवण्याच्या दृष्टीने त्याची क्षमता शून्य.

आता किती मि.मी. पावसासाठी मोजमाप करायचं? ‘सगळ्यात मोठ्या पावसासाठी’ असं उत्तर देऊ नका, तेवढी बाग कुठेच मावत नाही. जवळच्या पर्जन्यमापक केंद्राच्या निदान दहा वर्षांच्या दैनंदिन नोंदी मिळवा. कोरडे दिवस आणि २ मि.मी.हून कमी पावसाचे दिवस काढून टाका, उरलेले लहानापासून मोठ्याकडे लावा आणि १०० पैकी ८५ ते ९० दिवस ज्या आकड्याच्या आत बसतात तो आकडा घ्या. काही ठिकाणी तो २० येईल, काही ठिकाणी ५०. फिलाडेल्फियाने २०११ मध्ये २५ वर्षांचा जो आराखडा हाती घेतला त्याचं एककच असं आहे: एक एकर टणक जमिनीवरून येणारं पहिल्या एक इंच, म्हणजे २५ मि.मी., पावसाचं पाणी थोपवलं की तो ‘हिरवा एकर’. असे जवळपास १० हजार एकर करायचं त्यांचं उद्दिष्ट आहे. एकक स्पष्ट असल्यामुळे काम मोजता येतं.

भर पावसात एक फेरी

कागदावरचा नकाशा नंतर. आधी पाऊस चालू असताना जागेवर फिरा. पाणी कुठून सुटतं, कुठे वळतं, कुठे डबकं होतं ते मोबाइलवर टिपून ठेवा. पाऊस नसेल तर छतावरून किंवा रस्त्याच्या वरच्या टोकाला टँकरभर नाही, पण पाच-सहा बादल्या पाणी ओता आणि खडूने त्याची वाट आखा. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या अंगणात पाणी भलत्याच दिशेला जाताना मी इतक्यांदा पाहिलं आहे की नजरेच्या अंदाजावर आता माझा भरवसा नाही. गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, महत्त्वाच्या दहा-बारा जागांच्या पातळ्या घ्या आणि त्या वहीत लिहा.

याच फेरीत नको त्या जागा खोडून टाका. इमारतीच्या पायापासून ३ मीटरच्या आत पाणी मुरवू नका, तळघर असेल तर आणखी लांब. सेप्टिक टँक आणि त्याच्या निचरा क्षेत्राजवळ नको. मोठ्या जुन्या झाडाच्या पसाऱ्याखाली खोदू नका. झाड गमावून बाग मिळवणं हा तोट्याचा व्यवहार आहे. जिथे पूर्वी पेट्रोलपंप, गॅरेज, रसायनांचं गोदाम होतं तिथली माती दूषित असू शकते, तिथे मुरवलं तर घाण भूजलात जाईल. भूजलाची पावसाळी पातळी खड्ड्याच्या तळापासून निदान एक मीटर खाली हवी. आणि खोदण्याआधी वीज, पाणी, गॅस, केबल यांच्या लाइन कुठून जातात ते संबंधितांकडून लेखी घ्या.

पाझर चाचणी

जमिनीत पाणी किती वेगाने मुरतं ते मोजणारी ही चाचणी टाळणारे खूप भेटतात, ‘आमची माती चांगली आहे’ म्हणतात. चाचणीला एक दिवस लागतो आणि खर्च जवळपास काही नाही, तेव्हा ती कराच.

जिथे बाग होणार तिथे, आणि बागेचा तळ जिथे येणार त्या खोलीवर, ३० सें.मी. रुंद आणि तितकाच खोल खड्डा घ्या. फावड्याने भिंती चोपल्या गेल्या असतील तर त्या खरवडून मोकळ्या करा. पाण्याने भरा आणि पूर्ण जिरू द्या. हे पाणी मोजायचं नाही, त्याने फक्त माती भिजते. मग दुसऱ्यांदा भरा, खड्ड्यात पट्टी उभी रोवा आणि दर अर्ध्या तासाने पातळी किती उतरली ते लिहा. शक्य असेल तर तिसऱ्यांदाही भरा. शेवटचा वेग खरा. लहान खड्ड्यातून पाणी बाजूंनाही झिरपतं, त्यामुळे आकडा फुगीर येतो. तो निम्मा करून मगच हिशेबात घ्या.

निम्मा करूनही ताशी १३ मि.मी. किंवा जास्त वेग मिळाला तर साधी पाऊसबाग चालेल. त्याहून कमी असेल तर तळाशी छिद्रांचा निचरा पाइप लागेल. ताशी दोन-तीन मि.मी. म्हणजे चिकणमाती, तिथे मुरवण्याची आशा सोडून थोपवणं आणि गाळणं यावर समाधान मानायचं. तेही कमी नाही.

मातीची जात ओळखायला काचेची बाटली पुरते. एक-तृतीयांश माती, वर पाणी, खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात खाली बसते, गाळ काही तासांत, चिकणमातीचे कण दुसऱ्या दिवशीही पाण्यात तरंगत असतात. थरांची उंची मोजली की प्रमाण कळतं.

पाऊसबागेचं माप

पुन्हा तेच छप्पर, तेच २७०० लिटर. बागेत पाणी १५ सें.मी. उंच साचू द्यायचं असं ठरवू. खाली ४५ सें.मी. जाडीचं मातीचं मिश्रण आहे, त्याच्या पोकळ्यांत सुमारे २० टक्के पाणी मावतं, म्हणजे ९ सें.मी. दोन्ही मिळून २४ सें.मी., म्हणजे दर चौ.मी. २४० लिटर. पण बागेवर स्वतःचाही पाऊस पडतो, दर चौ.मी. २५ लिटर, तो वजा केला की २१५ उरतात. २७०० भागिले २१५ म्हणजे साडेबारा चौ.मी. बाजू उताराच्या ठेवल्या की तळ आक्रसतो, म्हणून १४ धरा. छपराच्या बारा टक्क्यांच्या आसपास.

आता ते रिकामं किती वेळात होईल? २४० मि.मी. भागिले १३, म्हणजे १८-१९ तास. छान. तीच बाग ताशी ३ मि.मी. वेगाच्या जमिनीवर असती तर ८० तास लागले असते. तोवर दुसरा पाऊस येतो, मुळं गुदमरतात आणि शेजारी डासांची तक्रार घेऊन येतात. वरचं साचलेलं पाणी २४ तासांत, फार तर ४८ तासांत दिसेनासं झालं पाहिजे. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा लागतो, त्यामुळे नीट चालणारी बाग डास वाढवत नाही. बंद पडलेली मात्र नक्की वाढवते.

पातळ्यांची उतरंड

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पार्किंगच्या किंवा अंगणाच्या कडेची पातळी शून्य धरू. पाणी आत घेणाऱ्या तोंडाचा तळ उणे ५ सें.मी. सांडव्याची कड उणे १०. आच्छादनाचा (मातीवर पसरलेल्या लाकडी चिरफाळ्यांच्या थराचा) वरचा पृष्ठभाग उणे २५. उणे १० ते उणे २५ हेच ते १५ सें.मी. साचणारं पाणी. त्याखाली ५ सें.मी. आच्छादन, ४५ सें.मी. माती, म्हणजे खोदाई उणे ७५ पर्यंत. निचरा पाइप असेल तर आणखी २५ सें.मी., म्हणजे बरोबर एक मीटर.

यात सांडवा तोंडाच्या खाली आहे ही गोष्ट दोनदा वाचा. सांडवा तोंडापेक्षा वर गेला तर बाग भरल्यावर पाणी सांडव्यातून जाणार नाही, आल्या वाटेने परत पार्किंगमध्ये पसरेल. आणि तोंडाला ५ सें.मी.ची पायरी का? कारण तिथे पाचोळा आणि गाळ जमणारच. समपातळीत ठेवलं तर महिन्याभरात बांध तयार होतो आणि पाणी पुढे निघून जातं.

तोंडाची रुंदी ४५ सें.मी.हून कमी करू नका. रस्ता उताराचा असेल तर पाणी वेगात असतं, ते सहजी वळत नाही. तोंडासमोर डांबरात थोडा खळगा द्या किंवा तोंड प्रवाहाच्या दिशेने तिरकं कापा. आत उतरताच मुठीएवढ्या दगडांचा फरस आणि त्यामागे छोटा दगडी बांध घाला. गाळ तिथेच बसतो, फावड्याने काढता येतो, बाकी बाग वाचते.

सांडव्यासाठी हिशेब: १२० चौ.मी.वर ताशी १०० मि.मी. वेगाने पाऊस कोसळला तर सेकंदाला सव्वातीन लिटरच्या वर पाणी येतं. १०० मि.मी. व्यासाचा गुळगुळीत पाइप एक टक्का उतारावर सेकंदाला सहा लिटरच्या आसपास वाहू शकतो, तेव्हा कागदावर तो पुरतो. प्रत्यक्षात पाचोळा तोंडावर बसतो, म्हणून मी १५० चा घालतो आणि वर सपाट जाळीऐवजी घुमटाकार जाळी. सपाट जाळी एका मोठ्या पानानेही बुजते. सांडव्याचं पाणी कुठे जाणार हेही आधीच ठरवा: गटार, पुढचा चर, दुसरी बाग. शेजाऱ्याचं अंगण हे उत्तर नाही.

खोदाई ते लागवड

कोरड्या दिवसांत खोदा. ओल्या मातीत यंत्र चाललं की तळ चोपला जातो आणि पाझर चाचणीचा आकडा निकामी होतो. यंत्र खड्ड्याच्या बाहेर उभं राहून खोदू दे, आत उतरू देऊ नका. तळ शेवटी हाताने, कुदळीने दहा-पंधरा सेंटिमीटर भुसभुशीत करा. तळ सपाट हवा, नाहीतर एका कोपऱ्यात कायम चिखल आणि दुसरा कोपरा कायम कोरडा.

निचरा पाइप लागणार असेल तर आधी १५ ते २० सें.मी. धुतलेली खडी, त्यात १०० मि.मी.चा छिद्रांचा पाइप. त्यावर ५ ते ८ सें.मी. बारीक खडी, मगच माती. खडी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं कृत्रिम) कापड अंथरायचा मोह होतो, नको. बारीक कण त्या कापडावर साठतात आणि दोन-तीन वर्षांत ते प्लास्टिकसारखं बंद होतं. बारीक खडीचा थरच गाळणीचं काम करतो. पाइपाला एक उभी नळी जोडून वर काढा आणि टोपण लावा, पुढे साफ करायला लागेल. बाहेर जाणारं टोक एल्बो लावून २०-३० सें.मी. वर वळवलं तर खालच्या खडीत पाणी थांबतं, हळूहळू मुरतं आणि नायट्रेटही काही प्रमाणात कमी होतं. छोटीशी युक्ती, पण फार उपयोगी.

मातीचं मिश्रण: जाड धुतलेली वाळू ६० टक्के, पोयट्याची माती २० ते २५, कुजलेलं कंपोस्ट १५ ते २०. कंपोस्ट जास्त घातलं की झाडं तरारतात, पण त्यातला फॉस्फरस धुऊन निघतो आणि जे पाणी गाळायला बसलो तेच पाणी आपण दूषित करतो. खोदलेली चिकणमाती ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून मिश्रणात घालू नका. मिश्रण वीस-वीस सेंटिमीटरच्या थरांनी भरा, प्रत्येक थर पाण्याने बसवा, पायाने किंवा धुम्मसने चोपू नका.

आच्छादनाला लाकडाचा लांबट तंतुमय भुगा किंवा चिरफाळ्या चांगल्या, एकमेकांत अडकून राहतात. सालीचे गोल तुकडे पाण्यावर तरंगतात आणि नेमके सांडव्याच्या जाळीवर जाऊन बसतात.

रोपांबद्दल एकच गैरसमज दूर करतो. पाऊसबाग म्हणजे तळं नव्हे. वर्षातले बहुतेक दिवस ती कोरडी असते. त्यामुळे पाणवनस्पती तिथे मरतात. तळाला एक-दोन दिवस पाण्यात उभी राहून मग आठवडेच्या आठवडे कोरडी तग धरणारी, खोल मुळांची स्थानिक गवतं आणि लव्हाळ्याच्या जातीची रोपं. उतारावर झुडपं. काठावर जे तुम्हाला आवडतं ते. दाट लावा, मोकळी जमीन दिसली की तण येणारच. आसपासची सगळी बांधकामं आणि उघडी माती निस्तरेपर्यंत बागेचं तोंड वाळूच्या पोत्यांनी बंद ठेवा. मी पाहिलेल्या बुजलेल्या बागांपैकी बऱ्याच बागा पहिल्याच मोसमात बांधकामाच्या चिखलाने बुजल्या होत्या.

चर

पाणी एका जागेहून दुसरीकडे न्यायचं असेल तर पाइपाऐवजी गवताळ चर. लांबीचा उतार १ ते ४ टक्के, बाजू सौम्य, १ उभ्याला ३ आडवे. एक टक्क्याहून कमी उतारावर पाणी रेंगाळतं, चारच्या वर माती धुऊन नेतं. उतार जास्त असेल तर आडवे दगडी बांध घाला. अंतर काढायची रीत सोपी: बांधाची उंची भागिले उतार. १५ सें.मी. उंचीचा बांध आणि ३ टक्के उतार, तर दर ५ मीटरला एक. म्हणजे खालच्या बांधाचं साचलेलं पाणी वरच्या बांधाच्या पायथ्याला टेकतं. बांधाचा मधला भाग कडांपेक्षा थोडा खाली ठेवा, नाहीतर पाणी कडेने वाट फोडतं.

सिएटलमध्ये २००० च्या सुमारास एका निवासी गल्लीचा रस्ता अरुंद आणि नागमोडी करून दोन्ही बाजूंना असे चर आणि झाडी केली गेली. नंतरच्या मोजमापात त्या गल्लीतून बाहेर जाणारं पावसाचं पाणी ९९ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. तिथला पाऊस रिमझिम आणि लांबलेला असतो हे मात्र लक्षात ठेवा. ताशी ८० मि.मी.ने कोसळणाऱ्या पावसाला हाच आकडा लावू नका.

झिरपणारी फरशी

यात खरं काम वरच्या ब्लॉकचं नाही, खालच्या खडीचं आहे. बारीक चुरा नसलेल्या धुतलेल्या खडीत सुमारे ४० टक्के पोकळी असते. ३० सें.मी. जाडीचा थर म्हणजे १२० मि.मी. पाण्याची साठवण, पायाखाली, एकही चौरस मीटर जागा न अडवता. खाली ४० ते ६० मि.मी.ची खडी, वर २० मि.मी.ची, त्यावर ५ सें.मी. बारीक खडी आणि मग ब्लॉक. सांध्यात ३ ते ६ मि.मी.ची बारीक गिट्टी.

वाळू नाही! नेहमीच्या सवयीने कामगार शेवटी सांध्यात बारीक वाळू झाडून टाकतात, आणि झिरपणारी फरशी त्या संध्याकाळीच साधी फरशी होऊन बसते. त्या दिवशी जागेवर हजर राहा. उतार ५ टक्क्यांच्या आत हवा. त्याहून जास्त असेल तर खालच्या खडीत आडव्या भिंती घालाव्या लागतात, नाहीतर सगळं पाणी खालच्या टोकाला जाऊन वर उसळतं. उघड्या मातीचा उतार या फरशीकडे येऊ देऊ नका. वर्षातून दोनदा तरी व्हॅक्यूमने ओढून साफ करा. जोरात पाण्याचा फवारा सरळ खाली मारला तर धूळ आणखी आत ठासली जाते. चालते आहे का ते बघायला एक बादली पाणी एका जागी ओता: डबकं न होता, फार न पसरता नाहीसं झालं तर ठीक.

छप्पर आणि झाडं

हिरव्या छपराबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तिथे पहिला निर्णय तुमचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आहे. १० सें.मी.चा हलका थर पूर्ण भिजला की दर चौ.मी. १२० ते १५० किलो भरतो. जुन्या स्लॅबवर हे वजन परस्पर टाकू नका. परवानगी मिळाली तर क्रम असा: जलरोधक थर, मुळं अडवणारा थर, निचरा थर, गाळण कापड, हलकं मिश्रण, रोपं. माती टाकण्याआधी स्लॅबवर दोन दिवस पाणी साठवून गळती बघा. नंतर गळती शोधणं म्हणजे सगळं उपसणं. टोरांटो शहराने २००९ मध्ये मोठ्या नव्या इमारतींना हिरवं छप्पर सक्तीचं करणारा नियम केला. सरी अधूनमधून येतात तिथे असं छप्पर वर्षभराच्या पावसातला मोठा वाटा धरून ठेवतं. दिवसचे दिवस संततधार असेल तर एकदा भिजल्यावर पडेल तेवढं सोडून देतं, फक्त जरा उशिराने.

फुटपाथवरच्या झाडाला एक मीटर चौकोनाचा खड्डा देऊन मोठी सावली मागणं हा अन्याय आहे. स्टॉकहोममध्ये फरशीखाली मोठ्या दगडांचा सांगाडा करून त्याच्या फटींत माती भरतात. दगड वजन पेलतात, मुळं फटींतून पसरतात आणि रस्त्याचं पाणी त्यातच सोडलेलं असतं. जागा कमी असलेल्या रस्त्यांसाठी मला ही पद्धत सगळ्यात पटते.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय विसरू नका: पन्हळीचा पाइप गटारातून काढून जमिनीकडे वळवणं. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने १९९३ ते २०११ या काळात घरमालकांना सोबत घेऊन ५० हजारांहून अधिक पन्हळी अशा वळवल्या. कापलेल्या जुन्या पाइपाचं तोंड बंद करा, नव्या टोकाला एल्बो आणि लांबवणी जोडून पाणी पायापासून लांब सोडा, पडतं तिथे दगड घाला. शनिवारचं काम.

याने काय होणार नाही

२ जुलै २०११ ला कोपनहेगनमध्ये दोन-तीन तासांत सुमारे १५० मि.मी. पाऊस झाला आणि शहर पाण्याखाली गेलं. पुढच्या आराखड्यात त्यांनी फक्त बागा वाढवल्या नाहीत. काही रस्ते मुद्दाम खोलगट करून पाणी बंदराकडे नेणारे, काही मैदानं तात्पुरती तळी होणारी, अशी वरची वाट आखली. चीनमध्ये पाणी शोषून घेणाऱ्या ‘स्पंज शहरां’वर मोठा खर्च झाला, तरी २० जुलै २०२१ ला चेंगचौमध्ये एका तासात २०१.९ मि.मी. पाऊस पडला तेव्हा तिथल्या स्पंजाला ते पेलवलं नाही. पेलवणारही नव्हतं, २५ किंवा ५० मि.मी.साठी मापलेली बाग २०० ला पुरत नाही. म्हणून प्रत्येक आराखड्यात दोन रेघा काढा: नेहमीचं पाणी कुठे मुरेल ही निळी, आणि सगळं भरल्यावर उरलेलं पाणी कुणाच्या घरात न शिरता कुठून जाईल ही लाल. लाल रेघ भिंतीला जाऊन थांबत असेल तर काम सुरू करू नका.

देखभाल

देखभालीला माणूस नेमा, नावानिशी. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवायचं’ ठरलं की कुणीच तोंडातला पाचोळा काढत नाही. पहिल्या वर्षी दर मोठ्या पावसानंतर जाऊन बघायचं: तोंड मोकळं आहे का, दगडी फरसावर गाळ किती, सांडव्याची जाळी स्वच्छ आहे का, कुठे माती धुपून घळ पडली आहे का. रोपं रुजेपर्यंत कोरड्या दिवसांत पाणी घालावं लागेल, तण उपटावं लागेल. खत घालू नका, धुऊन नदीत जातं. आच्छादन वर्षाकाठी नवं घाला, पण आधी जुनं किती उरलं ते मोजा. थरावर थर चढत गेला की उणे २५ ची पातळी उणे १५ होते आणि साठवण गुपचूप दोन-तृतीयांशाने कमी होते.

बागेच्या मध्यावर सेंटिमीटरच्या खुणा केलेली एक खुंटी रोवून ठेवा. पाऊस थांबला की तिचा फोटो, चोवीस तासांनी दुसरा फोटो. चोवीस तासांनीही पाणी दिसत असेल तर आधी वरचा ५ सें.मी. थर खरवडून काढा, बहुधा वर बसलेली गाळाची साय हेच कारण असतं. तेवढ्याने भागलं नाही तर निचरा पाइपाच्या उभ्या नळीचं टोपण काढून आत बघा: नळीत पाणी (टोक एल्बोने वर वळवलं असेल तर त्या पातळीच्या वर) तुंबलेलं असेल तर अडथळा पाइपात आहे, तसं नसून बागेत पाणी असेल तर मातीत. पाइप पाण्याच्या झोताने साफ होतो. माती असेल तर ती काढून नवी भरावी लागते, आणि त्या वेळी आधीच्या मिश्रणात चिकणमाती कुणी घातली होती तेही बहुतेक वेळा कळतं.